मुलाखतीबद्दल, मित्रास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं नोकरीतल्या नकारांची आणि तळाशी एकच प्रश्न: ‘ॲस्पर्जरचं मालकांना सांगू की नको?’ ॲस्पर्जर, म्हणजे आपल्यासारख्यांच्या ऑटिझमला (स्वमग्नतेला) डॉक्टरांनी दिलेलं नाव. तुझ्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी मुलाखत या प्रकारावरचा माझा राग ऐकून घे.

लेखी चाचणीत तू पहिला आलास आणि समोर बसवल्यावर बाद झालास, यात मला काहीच नवल वाटलं नाही. तिथे बघितलं काय जातं? अनोळखी माणसांच्या नजरेला नजर देत, मोघम प्रश्नांना ऐटीत उत्तरं देता येतात का, एवढंच. तुझं काम होतं नोंदी ताडून चुका शोधायचं. त्यात यातलं काय लागणार होतं? ‘स्वतःबद्दल काहीतरी सांगा’ म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं येतं, कुठून सुरू करू आणि किती सांगू? आपण गप्प राहिलो की समोरचा कागदावर ‘आत्मविश्वास कमी’ लिहून मोकळा. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ याला तू ‘आत्ता सांगता येणार नाही’ म्हणालास. इतकं खरं उत्तर त्या दिवशी त्या खोलीत दुसऱ्या कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

हे दुसरीकडे लोकांच्या लक्षात आलंय. डेन्मार्कमध्ये थोर्किल सोन्ने नावाच्या गृहस्थांनी 2004 मध्ये ऑटिस्टिक माणसांना काम देणारी ‘स्पेशलिस्टर्ने’ ही कंपनी काढली. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक. उमेदवाराशी गप्पा मारून त्याची पारख करण्याऐवजी ते त्याच्यापुढे लेगोचे यंत्रमानव ठेवत, आणि तो ते कसे जुळवतो, अडला तर काय करतो, हे बघत. 2013 मध्ये सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने त्यांच्याशी हातमिळवणी केली, आणि 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही ऑटिस्टिक उमेदवारांसाठी नेहमीच्या मुलाखतीऐवजी कित्येक दिवस प्रत्यक्ष काम करून बघण्याची पद्धत सुरू केली. पण यांच्या भरवशावर बसू नकोस. जागा थोड्या, आणि बहुतेक संगणकाच्या. ॲस्पर्जर म्हणजे प्रोग्रॅमर, हा समज मला ‘बिचारा’ म्हणण्याइतकाच वैताग आणतो.

तू लिहिलंस, ‘मला माणसं कळत नाहीत.’ अर्धंच खरं आहे ते. डेमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की हा गोंधळ दुतर्फा असतो. इतरांनाही आपण कळत नाही. पुढे 2020 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला: एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली. तपशील जास्त गळाले ते मिश्र साखळीत.

आता तुझा प्रश्न. माझं मत असं की निदानाचं नाव सांगणं ऐच्छिक, गरज सांगणं मात्र आवश्यक. ‘तोंडी सूचना माझ्या लक्षात राहत नाहीत, कामं लिहून मिळाली तर चुका होत नाहीत’ हे सांगायला डॉक्टरांचा कागद लागत नाही. ‘मुलाखतीतले प्रश्न आधी पाठवाल का?’ किंवा ‘एक दिवस काम देऊन बघाल का?’ हेही विचारता येतं. नाही म्हणाले तर म्हणाले, निदान तिथलं वातावरण कळतं. पण बऱ्याच देशांत कायद्याने मिळणाऱ्या सवलती मालकाला कळवल्याशिवाय मागता येत नाहीत. म्हणून नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर, रुजू होण्याआधी, लेखी कळवावं असं मला वाटतं. गाजावाजा न करता, संबंधित माणसालाच. आणि नुसतं नाव कळवू नकोस. 2013 पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात ॲस्पर्जर वेगळा राहिलेला नाही, तो ऑटिझम स्पेक्ट्रम या व्यापक गटातच मोडतो. त्यामुळे कागदावर ‘ऑटिझम’ वाचून कारकून भलतंच चित्र डोळ्यांपुढे आणतो. सोबत अर्धं पान जोड: काय जमतं, कशाने त्रास होतो, काय केलं की तो टळतो.

मागताना बारीकसारीक माग. ‘समजून घ्या’ म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि होत काहीच नाही. ‘दाराजवळची जागा नको, भिंतीकडची द्या’, ‘हेडफोन लावून काम करू द्या’, ‘बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवा’ असं म्हटलं की कुणीतरी उठून ते करतं. मी तर सुट्टीच्या वेळेत अर्धा तास एकटं बसण्याची मुभा आधी मागितली, पगाराचं नंतर बोललो. दिवसभर चेहऱ्यावर हसू चिकटवून चारचौघांसारखं वागत राहिलं की कामाला अंगात त्राण उरत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझ्या अर्जात ‘उत्कृष्ट संवादकौशल्य’ असं कुणाच्या सांगण्यावरून घातलंस? काढून टाक ते. त्या जागी तू पकडलेल्या चुकांचा एखादा नमुना जोड, आणि नवा मसुदा पाठवण्याआधी मला दाखव. रविवारी मी मोकळाच आहे. फोन करू नकोस, लिहून पाठव.

तुझाच मित्र