परग्रहवासी आणि नऊशे प्रकाशवर्षांचा हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘परग्रहवासी असते तर एव्हाना आले नसते का?’ असा वाद आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात रंगला आहे. अंतराचा हिशेब मात्र कोणी मांडलेला दिसला नाही. आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे. तीत आज १० हजार प्रगत संस्कृती आहेत असे सढळ हाताने धरले, तरी एकेकीच्या वाट्याला सुमारे ९०० प्रकाशवर्षे बाजू असलेला चौरस येतो. आपली रेडिओ प्रक्षेपणे जेमतेम शंभर वर्षांची. आपण इथे आहोत हे शेजाऱ्याला कळणार कसे? १९७४ साली पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीवरून एम-१३ तारकागुच्छाकडे धाडलेला संदेश पोचायलाच सुमारे २५ हजार वर्षे लागतील.

आमचा कल ‘असतील, पण फार विरळ’ याकडे आहे. पुरावा अर्थातच नाही. अशा संस्कृतींची संख्या अंदाजणाऱ्या, खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांच्या १९६१च्या समीकरणात घोडे शेवटच्या पदावर अडते: एखादी संस्कृती किती वर्षे संदेश पाठवत राहते?

संकेत सापडला तरी तो पारखावा लागतो. निसर्गातले रेडिओ संकेत रुंद पट्ट्यात पसरतात, म्हणून शोध १ हर्ट्झइतक्या अरुंद संकेताचा असतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास अवकाशातून आलेल्या संकेताची वारंवारता सेकंदाला ०.१६ हर्ट्झपर्यंत सरकते. मुळीच न सरकणारा संकेत बहुधा जमिनीवरचाच. मग दुर्बीण ५ मिनिटे ताऱ्यावर, ५ मिनिटे बाजूला, असे तीनदा. बाजूला वळवूनही ऐकू आला की तो बाद. २०१९चा, सूर्याच्या सर्वात जवळच्या प्रॉक्झिमा ताऱ्याच्या दिशेचा ९८२ मेगाहर्ट्झचा संकेत या चाळणीतूनही पार झाला होता. पुढे तशाच खुणा इतर वारंवारतांवर सापडल्या आणि तो माणसाचाच ठरला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीला चकवणारा तर मायक्रोवेव्ह ओव्हन निघाला, तोही मध्येच दार उघडल्यावर!

कोकणातल्या महाविद्यालयांनी यावर नुसती व्याख्याने ठेवण्यापेक्षा १४२०.४ मेगाहर्ट्झवर अवकाशातल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरी ऐकणारा कर्णा (कर्ण्याच्या आकाराचा अँटेना) बांधावा. परग्रहवासी ऐकू येणार नाहीत, पण वरची चाळणी हाताने करून पाहता येईल. पत्र्याचा कर्णा, मागे १६ सेंमी व्यासाचा डबा, आत सुमारे ५ सेंमीची तांब्याची तार, कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर, यूएसबी रिसीव्हर आणि लॅपटॉप एवढे पुरते. अ‍ॅम्प्लिफायर डब्यालाच जोडावा. लांब केबलनंतर लावला तर संकेत वाटेतच गळतो. मोबाइल टॉवर जवळ असेल तर फिल्टर हवाच, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर गुदमरतो. आपल्याकडची खरी डोकेदुखी खारा वारा: कनेक्टर हिरवे पडतात आणि संकेत क्षीण होत जातो, म्हणून सांधे जलरोधक टेपने घट्ट गुंडाळावेत. पावसाळी ढग या लहरींना आड येत नाहीत, पण तार ओली झाली की मापन बिघडते. कर्ण्याच्या तोंडावर पातळ प्लास्टिक ताणून बसवावे, आणि विजा चमकू लागल्या की केबल सोडवून ठेवावी.

— दापोली परिसरातील काही आकाशनिरीक्षक