क्लॅमथ नदीच्या मुखावरून, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबांस आणि आजीस,
साष्टांग नमस्कार.

मी अगदी खुशाल आहे. हे आधी लिहिते, म्हणजे आई पुढचं पत्र शांतपणे वाचेल.

5 डिसेंबरच्या भूकंपाची बातमी दादाने दाखवल्यापासून रोज फोनवर तोच प्रश्न येतो, म्हणून एकदाच लिहून टाकते. भूकंप 7.0 चा होता हे खरं, पण तो समुद्रात, इथून बराच दक्षिणेला, केप मेंडोसिनोच्या बाजूला झाला. त्सुनामीचा इशारा आला आणि तासाभरात मागेही घेतला. तेवढा वेळ आम्ही चढावर गाड्यांत बसून काढला. घरातलं एक भांडंसुद्धा पडलं नाही. जेवण, थंडी, गाडी हळू चालवणं, सगळं तुम्ही सांगता तसंच चाललंय, ते परत लिहीत नाही.

आत्याला सांगा, 'रेड इंडियन' म्हणू नये, युरोक म्हणावं. कॅलिफोर्नियातली ही सर्वांत मोठी जमात, सहा हजारांहून जास्त लोक आहेत. त्यांचं स्वतःचं न्यायालय आहे. समुद्रापासून वर सुमारे 70 किलोमीटर, क्लॅमथ नदीच्या दोन्ही काठांना एकेक मैल, एवढा पट्टा त्यांचा राखीव मुलूख. त्या मुलखात मला कुणी परकं वागवलेलं नाही.

आता बाबांचा प्रश्न. फोनला रेंज नाही, जंगल एवढं दाट, रस्ता चुकलीस तर काय करशील? बाबा, याचं उत्तर मोठं आहे, पण ते मला तुम्हाला सांगायचंच आहे.

इथली जुनी माणसं पूर्व-पश्चिम अशा हिशेबाने चालत नसत. ठिकाण सांगायचं ते क्लॅमथ नदीवरून. नदीच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, पाण्याकडे, पाण्यापासून वर डोंगराकडे, नाहीतर पैलतीराला. आपल्याकडे वरचा मळा आणि खालचा मळा म्हणतो तसंच, पण आपण ते शिवारापुरतं ठेवतो. यांनी ते घरात आणलं. आल्फ्रेड क्रोबर नावाच्या अभ्यासकाने 1925 साली लिहून ठेवलंय की दार घराच्या पश्चिम कोपऱ्यात आहे असं युरोक माणूस म्हणत नाही, खालच्या अंगाच्या कोपऱ्यात आहे म्हणतो. शेजारी पडलेली वस्तू उचलायला सांगतानाही डावी-उजवी न म्हणता नदीचं अंग सांगतो.

माझ्या घरमालकीणबाईंची नात शाळेत युरोक भाषा शिकते. जेवायला बसलं की ती मला मीठ मागते ते वरच्या अंगाचं. मी टेबलाच्या या बाजूला असले तर ते माझ्या डाव्या हाताला येतं, उठून समोर जाऊन बसले तर उजव्या हाताला. मीठ मात्र वरच्याच अंगाला. खिडकीला पडदा, बाहेर अंधार, नदी घरातून दिसतसुद्धा नाही, तरी पोरीला विचार करावा लागत नाही. आजीबाई शेगडीजवळून नुसती मान हलवतात, बरोबर आहे म्हणून. त्यांच्या लहानपणी घरात ही भाषा बोलायला वडीलधारे कचरत. लहानपणापासून ही भाषा बोलणारे शेवटचे गृहस्थ, आर्ची थॉम्पसन, 2013 साली 93 व्या वर्षी गेले. आता पोरं शाळेत शिकतात आणि आज्यांना घरी ऐकवतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

तुम्ही म्हणाल, सूर्य काय कमी आहे दिशा सांगायला? बाबा, इथे कित्येक दिवस धुकं आणि पाऊस. रेडवूडची झाडं इतकी उंच की बुंध्याशी उभं राहिलं तर आभाळाचा तुकडाच दिसतो. आणि नदी सरळ नाही. ईशान्येकडून येते, विचपेक गावापाशी ट्रिनिटी नदी तिला मिळते आणि तिथून ती एकदम वायव्येला वळते. म्हणजे वर जायचं ते मुखापाशी आग्नेयेला आणि विचपेकच्या पुढे ईशान्येला. गावं सगळी काठाला, रेडवूडच्या खोडातून कोरलेल्या होड्यांनी ये-जा. होकायंत्र घेऊन इथे शेजारचं गावसुद्धा नीट सांगता येणार नाही, नदीवरून मात्र चुकायचं कारणच नाही. लोकांची नावंही तशीच. विचपेकच्या वरचे शेजारी कारुक, म्हणजे वरच्या अंगाचे. युरोक हे नाव त्या कारुकांनी दिलेलं, खालच्या अंगाचे म्हणून.

आजीसाठी एक गोष्ट. यांच्या कथांत पुलेकुक्वेरेक म्हणून एक थोर पुरुष आहे. पुलेकुक म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला, तिकडचा तो. त्याने राक्षस मारून जमीन माणसांना राहण्याजोगी केली. तो कधी जेवत नसे, फक्त तंबाखू ओढी. आजीच्या मिश्रीला आता कुणी बोलायचं नाही!

तर मी कामाला निघते तेव्हा आजीबाईंना सांगून जाते, आज वरच्या अंगाला, अमुक ओढ्यापर्यंत, ऐलतीरालाच. एवढ्यावर इथलं कुणीही मला शोधून काढेल. शिवाय आम्ही नेहमी दोघं असतो.

धरणं कुणी पाडतं का, असं बाबांनी विचारलं होतं. पाडली. क्लॅमथवर चार होती, विजेसाठी बांधलेली, शेतीला त्यांचं पाणी नव्हतं. 2024 मध्ये शेवटचं निघालं आणि ऑक्टोबरात सामन मासे शंभराहून जास्त वर्षांनी पार ओरेगॉनपर्यंत चढले. त्या कामाच्या आसपास आपली पोरगी आहे, हे गावात जरूर सांगा.

आता दादाच्या लग्नाचं. तारीख धरलीत, फार आनंद झाला. पण मी येते असं आज लिहून देत नाही. इथून बाहेर पडले तर परत येताना व्हिसाचा नवा शिक्का लागतो, आणि तो वेळेत नाही मिळाला तर नोकरी जाते. मग कर्जाचे हप्ते कोण भरणार? आई, तू फोनवर गप्प बसलीस ते कळलं मला. हळदीला करवली म्हणून मामाच्या पोरीला उभी करा, तिला माझी हिरवी पैठणी द्या, कपाटात खालच्या खणात आहे. मी रात्रभर जागून व्हिडिओवर सगळं बघेन.

कराडच्या स्थळाला अजून वर्षभर थांबायला सांगा. थांबत नसतील तर नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही. मुलगा चांगला असेल, पण विषय मी टाळते असं बाबांनी समजू नये. आधी हप्ते फिटू देत.

हॉलच्या अनामतीसाठी दीड लाख बाबांच्या खात्यावर टाकलेत. पाटल्या मोडायच्या नाहीत, अजिबात नाही. आजीच्या मोतीबिंदूचं लग्नानंतर बघू असं म्हणत बसू नका, त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वेगळे पाठवते. डॉक्टरांची तारीख आताच घ्या आणि मला कळवा.

तुमची लेक