चित्र कोणी काढवून घेतले, तेही छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात राजकीय बातम्यांबरोबर छापल्या जाणाऱ्या छायाचित्रांबाबत एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. नेत्यांच्या भेटीगाठी, पाहणी दौरे, परिषदा आणि युद्धभूमीवरची दृश्ये यांची जी छायाचित्रे रोज वाचकांपुढे येतात, त्यांतली काही वृत्तपत्राच्या किंवा वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने टिपलेली असतात, तर काही त्या नेत्याच्याच कार्यालयाने निवडून पाठवलेली असतात. छापून आल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. बातमीच्या मजकुरात ‘सूत्रांनी सांगितले’, ‘असा दावा केला’ अशा शब्दांनी वार्ताहर स्वतःला दाव्यापासून वेगळा ठेवतो. चित्राला अशी सोय नाही. ते पानावर येते तेच घडलेली गोष्ट म्हणून. त्यामुळे वृत्तपत्रातला सर्वांत कमी तपासला जाणारा मजकूर म्हणजे चित्र, असे माझे मत झाले आहे.

हे मत बनायला मला फार उशीर लागला. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. कागद हाती आला की तो अस्सल आहे की नक्कल, समकालीन आहे की मागाहून रचलेला, लिहिणारा कोणाच्या पदरी होता, हे विचारल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवायची नाही, असे विद्यार्थ्यांना सांगत आलो. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक तर पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. तरीही त्याच वर्गात, जाक-लुई दाविद याने रंगवलेले, मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावरून आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनचे चित्र मी कित्येक वर्षे एकही प्रश्न न विचारता दाखवले. मे १८०० मध्ये नेपोलियनने ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड ओलांडली ती खेचरावर बसून, एका स्थानिक वाटाड्याच्या मदतीने. दाविदने या चित्राच्या पाच आवृत्त्या केल्या, त्यांतली पहिली स्पेनच्या राजासाठी होती. आणि घोड्याच्या पायाखालच्या खडकांवर त्याने बोनापार्टच्या नावाबरोबर हॅनिबल आणि शार्लमेन या पूर्वी सैन्यासह आल्प्स ओलांडणाऱ्या दोघांचीही नावे कोरलेली दाखवली. ही नावे तर चित्रातच, डोळ्यांसमोर होती. मी मात्र त्या चित्राकडे धड्याची सजावट म्हणून पाहत होतो. पुढे सुमारे पन्नास वर्षांनी पॉल दलारोश याने खेचरावर बसलेला, थंडीने आखडलेला नेपोलियन रंगवला. ते चित्र सत्याच्या अधिक जवळ आहे हे खरे, पण तेही पाहणाऱ्याची साक्ष नाही. तीही एक बाजू आहे, आणि नेपोलियनच्या मृत्यूनंतर बदललेल्या काळाने ती मांडली आहे.

निवृत्तीनंतर मी चित्रकलेच्या इतिहासाचे वाचन सुरू केले, आणि त्याचा सर्वांत मोठा उपयोग मला चालू राजकारण समजून घेण्यासाठी झाला. दोन राष्ट्रप्रमुखांच्या गळाभेटीचे छायाचित्र पाहिले की मला जहांगीर आणि इराणचा शाह अब्बास यांचे चित्र आठवते. अबुल हसन या चित्रकाराने ते सुमारे १६१८ मध्ये काढले. दोन्ही बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभे राहून एकमेकांना आलिंगन देत आहेत. जहांगीर धिप्पाड आहे आणि सिंहावर उभा आहे, शाह अब्बास किरकोळ अंगाचा आहे आणि कोकरावर उभा आहे. या दोघांची प्रत्यक्षात कधी भेटच झाली नव्हती. जहांगीरने इराणला वकिलात पाठवली तेव्हा बिशनदास नावाचा चित्रकार शाहची हुबेहूब चित्रे काढण्यासाठी तिच्याबरोबर गेला होता. चेहरा खरा, भेट मात्र बादशहाच्या स्वप्नातली. त्या चित्रातला सिंह पसरून झोपला आहे आणि कोकरू कडेला ढकलले जाते आहे, हे लक्षात आले की मैत्रीच्या चित्रात लपलेला सीमेचा वाद दिसू लागतो. १६२२ मध्ये त्याच शाह अब्बासने जहांगीरच्या ताब्यातले कंदाहार जिंकून घेतले. भेटीचे छायाचित्र पाहताना कोण कोणाकडे झुकला आहे, कोणाचा हात वर आहे, चौकट कोणी बांधली आहे, हे पाहायची सवय मला या एका लघुचित्राने लावली.

सत्तेने काढवून घेतलेले प्रत्येक चित्र सत्तेची स्तुतीच करते, असे मात्र मला म्हणायचे नाही. इटलीतल्या सिएना शहराच्या नगरभवनात नऊ शासकांचे मंडळ ज्या दालनात बसत असे, त्या दालनाच्या तीन भिंतींवर अंब्रोजो लोरेंझेत्ती याने १३३८-३९ मध्ये सुशासन आणि दुःशासन यांची चित्रे रंगवली. काम नगराच्या शासनानेच दिले होते. सुशासनाच्या भिंतीवर न्यायदेवतेच्या तराजूपासून दोऱ्या निघतात, त्या खाली बसलेल्या एकोप्याच्या देवतेच्या हाती येतात आणि तिथून चोवीस नागरिकांच्या हातांतून पुढे जात शासकाच्या मनगटाशी पोहोचतात. शासक दोरी धरून नागरिकांना ओढत नाही. नागरिकांनी आणून दिलेल्या दोरीने तो स्वतः बांधलेला आहे. एकोप्याच्या देवतेच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, कारण एकोपा हवा असेल तर उंचसखलपणा तासावा लागतो. अशी बारीकसारीक कल्पना एखाद्या ग्रंथात पानेच्या पाने घेईल, ती इथे एका अवजाराने सांगून टाकली आहे. बाजूच्या भिंतीवर शिंगे असलेला जुलमी राजा बसला आहे, त्याच्या पायाशी न्यायदेवता बांधून टाकलेली आहे, आणि त्या राज्यातल्या शेतांत पीक नाही. निर्णय घेणारे नऊ जण ज्या खोलीत बसत, त्याच खोलीत त्यांना दोन्ही भिंती पाहाव्या लागत. या चित्रासंबंधी मला अजूनही सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट की ते प्रजेला दाखवायला काढलेले नव्हते. शासकांनी ते स्वतःला रोज आठवण राहावी म्हणून काढवून घेतले होते. (१३४८ च्या प्लेगनंतर हे शहर पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही आणि १३५५ मध्ये नऊ जणांचे मंडळही गेले. भिंती आहेत.) चित्र कोणासाठी टांगले आहे, हा प्रश्न ते कोणाचे आहे याइतकाच महत्त्वाचा आहे, हे मी सिएनाकडून शिकलो.

आपल्याच काळातले उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकले. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताक सरकारविरुद्ध लढणारा बंडखोर सेनापती फ्रँको याच्या बाजूने लगेच सांगण्यात आले की गाव माघार घेणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांनीच जाळले. पिकासोने त्याच वर्षी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातल्या स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या दालनासाठी ‘गेर्निका’ रंगवले, आणि स्पेनमध्ये लोकांचे स्वातंत्र्य परत येईपर्यंत ते तिकडे पाठवायचे नाही, अशी अट घातली. चित्र स्पेनला पोहोचले ते १९८१ मध्ये, चित्रकाराच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. या चित्राची विणलेली मोठी प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर लावलेली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये इराकवरच्या युद्धाची चर्चा चालू असताना, वार्ताहरांशी नेते जिथे उभे राहून बोलत तिथल्या या प्रतिकृतीवर निळा पडदा टाकण्यात आला. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना एकरंगी पार्श्वभूमी हवी होती, असे कारण अधिकाऱ्यांनी दिले. कारण काहीही असो, त्याच दिवसांत, ५ फेब्रुवारीला, आत परिषदेपुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी इराकविरुद्धचे पुरावे म्हणून उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे आणि जैविक अस्त्रे तयार करणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळांची चित्रे दाखवली. त्या गाड्यांचे छायाचित्र कोणाकडेच नव्हते. एका माहिती देणाऱ्याच्या सांगण्यावरून ती रेखाटलेली होती. पुढे तशा प्रयोगशाळा सापडल्या नाहीत, आणि आपण दिलेली माहिती खोटी होती, हे त्या इसमाने २०११ मध्ये स्वतः मान्य केले. बॉम्बखाली सापडलेल्या माणसांचे, चित्रकाराने स्वतःच्या नावाने काढलेले आणि खुलेपणाने बाजू घेणारे चित्र पडद्याआड गेले; आणि कोणाचीही सही नसलेले, तटस्थ तांत्रिक आकृतीसारखे दिसणारे चित्र पुराव्याच्या जागी आले. मी हा प्रसंग अनेकदा आठवतो, कारण चित्राने फसवण्यासाठी ते भडक असावे लागत नाही, हे त्यातून मला समजले.

चित्रात फेरफार करण्याबद्दल मी थोडेच लिहितो, कारण त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी चालणारा त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव हा त्याला १९४० मध्ये गोळ्या घातल्यानंतर छायाचित्रातूनही पुसला गेला आणि तिथे फक्त पाणी उरले, हे अनेकांना ठाऊक आहे. पुसण्यासाठी तेव्हा कुशल कारागीर लागत असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने न झालेली सभा, न झालेली भेट आणि न झालेला हल्ला काही क्षणांत तयार होतो. म्हणून माझी विनंती केवळ अभ्यासकाची हौस म्हणून समजू नये.

छायाचित्राखाली ते कोणी काढले याची ओळ आपण काही वेळा छापता, काही वेळा छापत नाही. ती प्रत्येक वेळी छापावी. ते एखाद्या नेत्याच्या, पक्षाच्या, शासकीय खात्याच्या किंवा सैन्याच्या कार्यालयाकडून आलेले असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत लिहावे. ‘सौजन्य’ या मोघम शब्दाने ते कळत नाही. कधी आणि कोठे काढले हे लिहावे, कारण जुने छायाचित्र नव्या बातमीला जोडले की वाचकाचा गैरसमज हमखास होतो. कडेचा भाग कापला असेल आणि त्याने अर्थ बदलत असेल, तर मूळ चौकटच छापणे बरे. यंत्राने तयार केलेले दृश्य बातमीबरोबर छापूच नये असे मला वाटते. खोट्या चित्राबद्दलच्या बातमीत ते दाखवणे भाग पडले, तर ‘हे खोटे आहे’ असे शब्द खालच्या ओळीत न छापता प्रत्यक्ष चित्रावर छापावेत, म्हणजे कात्रण कापून घेतले तरी ते बरोबर जातील. या गोष्टींना जागा लागते ती एका ओळीची. त्या ओळीसाठी विचारपूस करण्याचे श्रम लागतात, हे मला मान्य आहे, आणि रात्री पान लावताना वेळ नसतो हेही मी समजू शकतो. पण मजकुराच्या बाबतीत हे श्रम आपण रोज घेताच.

मी गेली अनेक वर्षे वृत्तपत्रांतली राजकीय छायाचित्रे कापून वह्यांमध्ये चिकटवत आलो आहे. प्रत्येकाखाली तारीख आणि छायाचित्रकाराचे नाव लिहायचे, असा नियम मी ठरवला होता. आज त्या वह्या चाळताना कितीतरी पानांवर नावाच्या जागी माझ्याच हाताने पेन्सिलीने काढलेले प्रश्नचिन्ह दिसते, आणि ती माहिती आता कोठून मिळवावी हे मला समजत नाही. आपल्या संपादकीय विभागाला उपयोग होणार असेल, तर त्या वह्या घेऊन मी कार्यालयात येण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक निवृत्त प्राध्यापक