गाय गाभडली की नुसता दोष उन्हाला देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या वाळवा तालुक्यात घरटी दोन-चार गाई आहेत पण ब्रुसेलोसिस (जनावरं गाभडवणारा, म्हणजे त्यांचा गर्भपात करणारा संसर्गजन्य रोग) म्हटलं की लोक तोंडाकडं बघतात. मागच्या वर्षी आमची बाजारातून आणलेली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीची) गाय सातव्या महिन्यात गाभडली, जार (वार) पडेना, आम्ही म्हटलं ऊन लागलं असंल आणि ते वासरू-जार हातानंच उचलून ओढ्याकडंला टाकलं, कुत्र्यांनी ओढून गावभर केलं. नंतर दुसरी गाभडली तेव्हा कुठं डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं!

हा रोग पसरतो तो मुख्य करून असाच, गाभडलेलं वासरू, जार आणि योनीतनं येणारा स्राव यातनं, मग तो चाऱ्या-पाण्यात जातो आणि बाकीची जनावरं चाटतात. न तपासता जनावर विकत घेतलं की रोग गोठ्यात आलाच म्हणून समजा. आणि आपल्याकडं गाय गाभडली की गुपचूप बाजार दाखवायचा, म्हणजे दुसऱ्याच्या दावणीला रोग बांधायचा (राग येईल काहींना, येऊ दे).

माणसालाही होतो बरं का, कच्च्या दुधातनं नाहीतर उघड्या हातानं जार काढताना. ताप येतो-जातो, घाम सुटतो, सांधे धरतात.

कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस एकदाच द्यायची असते, २०१९ पासून केंद्राच्या योजनेत ती फुकट आहे. मग दूध संकलन केंद्रावर फॅटच्या बोर्डाशेजारी एवढी एक पाटी लावायला काय हरकत आहे?

- एक दूध उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली