विषय: 'सर्वोत्तम' क्वालिटी निवडूनही व्हिडिओ खराब झाला, त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमचं व्हिडिओ कॉम्प्रेस करायचं सॉफ्टवेअर मी दोन वर्षं वापरतोय, पैसे भरून घेतलंय, आणि आजपर्यंत एकदाही तक्रार केली नव्हती. यावेळी झालेलं नुकसान भरून येणारं नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

भाचीच्या नाचाच्या कार्यक्रमाचं दीड तासाचं शूटिंग होतं. १०८०पी, सेकंदाला ५० फ्रेम, कॅमेऱ्याचा बिटरेट (दर सेकंदाला साठवला जाणारा डेटा) ५० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट, त्यामुळे फाइल जवळपास ३४ जीबी. डिस्क भरत आली होती म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटीचा स्लायडर पार १०० वर नेला, तिथे 'सर्वोत्तम, मूळ फाइलइतकाच दर्जा' असं लिहून येतं, तेच खरं मानलं आणि काम झाल्यावर मूळ फाइल डिलीट केली. नवीन फाइल २ जीबीची निघाली. सुरुवातीचं भाषण बघितलं तर एकदम छान दिसत होतं म्हणून शंकाही आली नाही. आठवड्याने मोठ्या टीव्हीवर लावलं तेव्हा कळलं. स्टेजवर धूर सोडलाय, लाइट बदलतायत, आणि ती गिरकी घेते तिथे चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन, मागच्या अंधारात पट्टे पट्टे. तिच्या आईला ते दाखवताना मला फार वाईट वाटलं.

मग मी स्वतः तपासलं. दुसऱ्या एका नाचाच्या शूटिंगमधली २ मिनिटांची क्लिप ८०, ९० आणि १०० वर काढली, तिन्ही फाइली ४५ एमबीच्या आल्या. १२० सेकंदांत ४५ एमबी, एका बाइटचे ८ बिट धरले तर बरोबर ३ एमबीपीएस. म्हणजे ८० च्या पुढे तुमचा स्लायडर काहीच करत नाही, आत ३ एमबीपीएसची मर्यादा घातलेली आहे आणि ती स्क्रीनवर कुठेच दिसत नाही! एका जागी बसून बोलणाऱ्या माणसाला ३ एमबीपीएस पुरतात, कारण एका फ्रेममधून दुसरीत फारसं काही बदलत नाही. पण धूर, पाणी, झाडाची पानं, जोरात नाचणारी माणसं यात प्रत्येक फ्रेम वेगळी असते, तिथे तेवढ्याच बिट्समध्ये एन्कोडर (व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा प्रोग्रॅम) तपशील टाकूनच देणार, दुसरं काय करणार. एक्स२६४ या दुसऱ्या एन्कोडरमध्ये सीआरएफ (क्वालिटी ठरवून देणारं सेटिंग) २० ठेवून मी त्याच नाचाच्या क्लिपची फाइल काढली तर ती २१० एमबीची झाली, आणि भाषणाची तेवढ्याच वेळाची क्लिप फक्त ३० एमबी. क्वालिटी ठरवली की साइझ सीननुसार कमीजास्त होणारच, आणि साइझ ठरवायची असेल तर टू-पास (आधी सगळा व्हिडिओ तपासून मग बिट्स वाटणारी पद्धत) वापरून बिटरेट द्यायचा. तुम्ही नाव क्वालिटीचं देता आणि आतून साइझ बांधून टाकता.

तुमच्या सपोर्टने उत्तर दिलं की तीच फाइल जास्त बिटरेटला पुन्हा एक्सपोर्ट करा. अहो, एकदा गेलेला तपशील परत कुठून येणार? फाइल मोठी होईल आणि चौकोन तसेच राहतील, उलट दुसऱ्यांदा कॉम्प्रेस झाल्यामुळे अजून थोडं बिघडेल. दुसऱ्या मेलमध्ये एचईव्हीसी (जास्त नवीन कॉम्प्रेशन पद्धत) निवडा म्हणाले, त्याला बिटरेट कमी लागतो हे मान्य, पण ज्याची मूळ फाइलच राहिली नाही त्याला त्याचा काय उपयोग?

मला माझे पैसे परत हवेत. आणि पुढच्या अपडेटमध्ये 'मूळ फाइलइतकाच दर्जा' हे शब्द काढा, मर्यादा ठेवायचीच असेल तर तो आकडा स्लायडरच्या शेजारी दाखवा आणि आम्हाला बदलता येऊ द्या. निदान निवडलेल्या एका मिनिटाचा नमुना आधी काढून बघायची सोय द्या, आणि तो नमुना सुरुवातीचा नको, सगळ्यात जास्त हालचाल असेल तिथला आपल्याला निवडता आला पाहिजे. सुरुवातच बघून मी फसलो.

तिन्ही टेस्ट क्लिप आणि सेटिंगचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. यावेळी उत्तर एन्कोडिंग समजणाऱ्या माणसाकडून यावं ही विनंती.

तुमचा एक ग्राहक