‘डिस्कस अबाउट’ येते कुठून?

महोदय,

आपल्या दैनिकातील स्पर्धा परीक्षांच्या सदरात इंग्रजी प्रीपोझिशनविषयी (‘ऑन’, ‘टू’, ‘अबाउट’ अशा संबंध दाखवणाऱ्या शब्दांविषयी) अधूनमधून जे मार्गदर्शन येते, ते मी आवर्जून वाचते. सातारा जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले. या मार्गदर्शनात, आणि शाळांतील अध्यापनातही, चूक कोणती ते सांगितले जाते. ती का होते ते मात्र कोणी सांगत नाही, आणि कारण उमगल्याखेरीज ही चूक सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी नोकरीचा अर्ज दाखवायला घरी आला. अर्ज नीटनेटका होता, स्पेलिंगची एकही चूक नव्हती. पण ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रोजेक्ट’, ‘आय व्हिजिटेड टू द साइट’ आणि ‘आय रिक्वेस्ट फॉर ॲन इंटरव्ह्यू’ अशी तीन वाक्ये एकाच पानावर होती. यांतले ‘अबाउट’, ‘टू’ आणि ‘फॉर’ तिन्ही नको होते. या मुलाने एका खासगी क्लासमध्ये क्रियापद आणि प्रीपोझिशनच्या दोनशे जोड्या पाठ केल्या होत्या. ‘डिपेंड ऑन’, ‘कन्सिस्ट ऑफ’, ‘सफर फ्रॉम’ त्याला झोपेतून उठवून विचारले तरी आले असते. परंतु जोड्यांच्या यादीत जोडी असलेलीच क्रियापदे असणार. ज्यांच्यापुढे काहीच नको, ती त्या यादीत येणार कशी?

त्याची तिन्ही वाक्ये मराठीत मांडून पाहिली की कारण दिसते. ‘प्रकल्पाविषयी चर्चा केली’ या वाक्यात ‘चर्चा’ हे नाम आहे आणि ‘करणे’ हे क्रियापद. ‘विषयी’चा संबंध चर्चेशी आहे, करण्याशी नाही. इंग्रजीतही ‘डिस्कशन’ या नामापुढे ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ रीतसर येते, पण ‘डिस्कस’ या क्रियापदाने ते ‘विषयी’ आपल्या पोटातच घेतलेले असते, म्हणून ते पुन्हा बाहेर लिहायचे नसते. ‘जागेला भेट दिली’, ‘मुलाखतीसाठी विनंती केली’ यांचेही तसेच आहे. आपल्या भाषेत नामाला ‘करणे’, ‘देणे’, ‘साधणे’ जोडून बनवलेल्या अशा क्रिया शेकड्यांनी आहेत: हल्ला करणे, लग्न करणे, उत्तर देणे, भर देणे, उल्लेख करणे, संपर्क साधणे. मुलगा मनातल्या मनात या नामाचे इंग्रजी करतो आणि त्याचे प्रीपोझिशन क्रियापदाला चिकटवतो. त्यातून ‘अटॅक्ड ऑन’, ‘मॅरीड विथ’, ‘एम्फसाइज ऑन’, ‘मेन्शन अबाउट’ जन्माला येतात. ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’ बरोबर आणि ‘दे अटॅक्ड ऑन द फोर्ट’ चूक, हे दोन्ही एकाच फळ्यावर शेजारी लिहून दाखवले, तर आठवीतल्या मुलालाही ते दहा मिनिटांत कळते. मी ते वर्षानुवर्षे करून पाहिले आहे.

उलट बाजूची चूकही मराठीतूनच येते. द्वितीया आणि चतुर्थीचे ‘स, ला, ते’ आपण सर्वांनी घोकले आहे. मला सांग, मला म्हण, मला समजावून सांग, मला हस, मला घाबर, या पाचही ठिकाणी आपले एकटे ‘ला’ काम भागवते. इंग्रजीत मात्र ‘टेल मी’मध्ये काहीच नाही, ‘से’ आणि ‘एक्सप्लेन’ यांना ‘टू’ हवे, ‘लाफ’ला ‘ॲट’ आणि ‘अफ्रेड’ला ‘ऑफ’. ‘एक्सप्लेन मी’ लिहिणारी मुलगी आळशी नसते. ‘टेल मी’ चालते तर हेही चालावे, असा तर्क तिने केलेला असतो आणि मराठीच्या नियमाने तो बिनचूक असतो. ‘गाणे ऐक’ यात प्रत्यय दिसत नाही म्हणून ती ‘टू’ गाळून ‘लिसन द साँग’ लिहिते, आणि सर माझ्यावर ओरडले म्हणून ‘शाउटेड ऑन मी’.

मराठी मुलाला क्रियापदामागचा हा बारकावा मुळीच कळत नाही, असेही नाही. ‘बाई माझ्याशी बोलल्या’ आणि ‘बाई मला बोलल्या’ यांतला फरक पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतो. पहिल्या वाक्यात गप्पा आहेत, दुसऱ्यात रागावणे. एका ‘शी’ आणि ‘ला’ने अर्थ इतका बदलतो हे त्याला दाखवून दिले, की ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याला झेलता यावा म्हणून चेंडू देणे आणि ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याच्यावर नेम धरणे, हे त्याला वेगळे पाठ करावे लागत नाही. ‘शाउट टू’ आणि ‘शाउट ॲट’ त्याच वाटेने येतात. ‘लुक’च्या बाबतीत मात्र मराठीची सवय आड येते, कारण आपले ‘कडे बघणे’ दुहेरी आहे. ‘फळ्याकडे बघ’ म्हणजे ‘लुक ॲट’, पण ‘म्हाताऱ्या आईकडे बघायला कोणी नाही’ यातले बघणे ‘लुक आफ्टर’चे. ही दोन वाक्ये मी दरवर्षी वर्गात सांगत असे आणि दुसरे वाक्य सांगितल्यावर मुले क्षणभर गप्प होत. तो फरक पुढे कधी विसरला गेल्याचे मला आठवत नाही.

इंग्रजीच्या तासाला मराठी नको, हा आग्रह म्हणूनच मला घातक वाटतो. मराठीतून इंग्रजी शिकवणाऱ्या तर्खडकरांच्या जुन्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांचे उच्चार आणि संभाषण कदाचित कच्चे राहिले असेल, पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवय त्यांना लागली होती. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, बोलण्यावर भर आला, हे चांगलेच झाले. त्यात ही तुलना मात्र हरवली.

शब्दार्थ छापण्याच्या पद्धतीतही दोष आहे. खिशातल्या कोशात आणि मार्गदर्शकांत ‘डिस्कस – चर्चा करणे’ एवढेच असते, आणि चूक तिथेच पेरली जाते. त्याऐवजी ‘डिस्कस समथिंग – एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करणे’, ‘एक्सप्लेन समथिंग टू समवन – एखाद्याला काही समजावून सांगणे’ असे छापायला फक्त दोन-तीन शब्द जास्त लागतात. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत असताना त्यांनी प्रत्येक क्रियापदाच्या वाक्यरचनेसह जो कोश सिद्ध केला, तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने जगभर नेला. जपानीतही आपल्यासारखेच हे संबंधदर्शक शब्द नामाच्या मागून येतात, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांना जे हवे होते तेच आपल्या विद्यार्थ्यांनाही हवे आहे, असे मला वाटते.

‘डिस्कस अबाउट’ देशभर बोलले जाते, तेव्हा ते भारतीय इंग्रजीच मानावे, असेही काही जण म्हणतात. इंग्रजी सर्वत्र एकसारखी नाही, हे खरेच आहे. ‘राइट मी’ अमेरिकेत चालते, ब्रिटनमध्ये ‘राइट टू मी’ म्हणतात. बोलताना कोणी ‘डिस्कस अबाउट’ म्हटले म्हणून त्याला हसू नये, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण प्रश्नपत्रिकेत त्याचा गुण जातो आणि मुलाखतीच्या अर्जावर त्याची नोंद होते, आणि तो तोटा गावाकडच्या, घरात इंग्रजी नसलेल्या मुलाच्या वाट्याला येतो. त्याला नियम ठाऊक असू दे, मग तो मोडायचा की नाही ते त्याचे त्याला ठरवू दे.

प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात प्रत्येक जागी काहीतरी भरायचेच असते, त्यामुळे जागा मोकळी सोडण्याचा सराव मुलाला दहावीपर्यंत एकदाही होत नाही. दहापैकी तीन-चार जागा काही न लागणाऱ्या ठेवाव्यात आणि तिथे फुली मारण्यास गुण द्यावेत. माझ्या वर्गात मी असे प्रश्न घालू लागले, तेव्हा पहिल्या चाचणीत मुलांना आपण फसवले गेल्यासारखे वाटले. दिवाळीनंतरच्या चाचणीत ‘दे एंटर्ड ... द टेम्पल’पाशी थांबून एका मुलीने हात वर केला आणि विचारले, ‘बाई, आत शिरणे यातलं आत एंटरमध्येच आहे ना?’

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, कराड