दाखल्यावर नाव कोणते?

महोदय,

नातीच्या बारशाला आत्याने तिच्या कानात 'मृण्मयी' सांगितले. परंतु घरात 'मनू' रुळल्याने जन्मदाखल्यावरही तेच घालावे, असे सूनबाईंचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. माझ्या वडिलांचे नाव दत्तात्रय. गुरुजींनी हजेरीपटावर 'बाळू' लिहिले आणि निवृत्तिवेतनाच्या वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र त्यांना करावे लागले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार असल्याने घाई नको. नावाविना नोंदणी झाली असल्यास १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. 'मनू' अशी हाक मात्र मीही मारतो, आणि तूर्त ती त्याच हाकेला वळून बघते.

– एक आजोबा, सातारा